जीवकील

दुपारचा दीड वाजला तेव्हा हेमांगीच्या दवाखान्यातल्या बाकावर एकच माणूस उरला होता, आणि तो तिचा धाकटा भाऊ जयकर होता.

सकाळपासून तिनं एकवीस जण तपासले होते. मानेवरचे मस, पापणीवरची चामखीळ, तळपायातली कुरुपं. एका आजोबांच्या पाठीवर गाठ होती, तिला हात न लावता तिनं त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं. बत्तीस वर्षं ती हेच करत आली होती. तासगावात 'चामखिळीची डॉक्टरीण' म्हटलं की रिक्षावाला पुढं काही न विचारता तिच्या दारात आणून सोडायचा. आता खांदे भरून येत, डोळ्यांसमोर भिंग धरून धरून कपाळ ठणकायचं, आणि घरी गेल्यावर भाताचा कुकर लावायचाही कंटाळा यायचा. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे कुकर दुसऱ्या कुणी लावायचा प्रश्न नव्हता.

"तू कधीचा बसलायस रे? सरळ आत यायचं की," ती म्हणाली.

"अकराला आलो. सगळे बसले होते, म्हणून मीही बसलो."

अडीच तास. हा तोच जयकर, जो वऱ्हाडाची पंगत पाच मिनिटं लांबली तर मांडवाच्या दारात जाऊन ओरडायचा. पंचक्रोशीतल्या लग्नांचा आचारी होता तो. एका वेळी आठशे माणसांचा स्वयंपाक, हाताखाली बारा माणसं, आणि सगळ्यांवर चढलेला त्याचा आवाज. आज तो बाकावर एखाद्या पिशवीसारखा ठेवलेला दिसत होता.

आत येऊन त्यानं डाव्या हाताची बाही वर केली आणि मनगटाच्या वर, आतल्या बाजूला असलेला फुगवटा दाखवला.

"अक्का, हे काढ."

हेमांगीनं भिंग उचललं नाही. तिला ते काय आहे हे ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी ते लावून घ्यायला तिनंच त्याला जिल्ह्याच्या केंद्रात नेलं होतं.

केंद्रातले लोक त्याला जीवकील म्हणत. नाव जुन्या शब्दावरून घेतलेलं होतं. वात कफाला धरून त्वचेवर खिळ्यासारखा कोंब उभा करतो त्याला आयुर्वेदाच्या संहितांमध्ये चर्मकील म्हटलंय, आणि उडदाच्या दाण्यासारखा काळा, न दुखणारा उंचवटा असेल तर मषक, म्हणजे आपला मस. आता आपल्याला कळलंय की अशा बऱ्याच कोंबांच्या मुळाशी एक साधा विषाणू असतो. तो त्वचेच्या पेशींना वाढायला लावतो. एरवी त्वचेची पेशी महिनाभरात वर सरकून गळून जाते, पण हा विषाणू शिरलेल्या पेशी एका जागी वर्षानुवर्षं टिकतात. कुणाच्या तरी डोक्यात आलं, की हे टिकणंच उपयोगाला आणावं. रोग्याच्याच त्वचेचा चिमटीएवढा तुकडा घ्यायचा. त्यात विषाणूचा तेवढाच निरुपद्रवी भाग घालायचा, म्हणजे पेशी टिकतील. सोबत एक 'थांब' सांगणारं जनुक घालायचं, म्हणजे त्या ठरल्या आकारापुढं वाढणार नाहीत. आणि तिसरं, औषध बनवणारं जनुक. मग तो तुकडा परत हातावर लावायचा. उडदाएवढी चामखीळ उठते आणि रात्रंदिवस रक्तात औषध सोडत राहते. मधुमेहवाल्यांच्या सुया त्यानं सुटल्या. मग दारूसाठीचा जीवकील आला. त्यातलं औषध मेंदूत जाऊन, जिथं हवंहवंसं वाटतं त्या जागेला 'पुरे' म्हणून सांगायचं. माणसाला दारू आठवायची, पण प्यावीशी वाटायची नाही.

"का काढायचं?" हेमांगीनं विचारलं. "प्यायची आठवण येतेय?"

"नाही गं."

"मग?"

जयकरनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघितलं. "मागच्या महिन्यात अन्विता बाळाला घेऊन माहेरी आली होती. माझ्या मांडीवर ठेवलं तिनं. मी धरलं. पडू नये म्हणून धरलं, एवढंच. अन्विता बघत होती माझ्या तोंडाकडं. मला कळत होतं, की आता काहीतरी वाटायला पाहिजे."

"वय होतं, जया. थकवा येतो. मला तरी कुठं काय वाटतं हल्ली?"

"तुला भूक लागते का?"

"लागते की."

"मला लागत नाही. सुवर्णा ताट ठेवते म्हणून जेवतो."

तिनं त्याला काट्यावर उभं केलं. तीन वर्षांत चौदा किलो वजन उतरलं होतं. केंद्रात जाऊन सांग, असं ती म्हणाली. तो दोनदा जाऊन आला होता. तिथं त्याचं यकृत उत्तम होतं, रक्तात दारूचा मागमूस नव्हता आणि प्रश्नावलीत 'तीव्र इच्छा' या रकान्यात शून्य होतं. ते खूश होते.

"बघते," हेमांगी म्हणाली. रोग्याला टाळायचं असलं की ती हेच म्हणत असे, आणि ते जयकरलाही माहीत होतं. त्यानं मुकाट्यानं बाही खाली केली.

त्याच आठवड्यात कवठ्याला एका लग्नाचा स्वयंपाक होता. हेमांगी दवाखाना बंद ठेवून तिथं गेली. सुवर्णा, जयकरची बायको, मांडवामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोथिंबीर निवडत बसली होती. नणंदेला बघून तिनं पाट पुढं सरकवला.

"तुम्ही कशाला आलात ते ठाऊक आहे मला, वन्सं," ती म्हणाली. "यांनी सांगितलंय."

"मग तुझं काय म्हणणं?"

सुवर्णानं कोथिंबीर खाली ठेवली. साडीचा पदर बाजूला करून तिनं उजवा दंड तेवढा दाखवला. खांद्यापासून कोपरापर्यंत कातडी दुधाच्या सुरकुतलेल्या सायीसारखी होती. पलूसच्या एका लग्नात प्यालेल्या जयकरच्या धक्क्यानं तळणीची कढई कलंडली होती. ती जखम हेमांगीनंच चार महिने रोज धुतली होती. बरी होता होता तिनं जयकरला बखोटीला धरून केंद्रात नेलं होतं.

"हा हात दुखत नाही आता," सुवर्णा म्हणाली. "पण त्याच्या आधीची बावीस वर्षं मी झोपले नव्हते. दाराचा आवाज झाला की उठून बसायचे. पाऊल कसं पडतंय त्यावरून ओळखायचे, आज किती झालीय. आता तीन वर्षं मी झोपतेय. दुपारीसुद्धा झोपते. तुम्ही हसाल, पण मला झोपेची हौस लागलीय."

"हसत नाही मी."

"जेवत नाहीत, बोलत नाहीत, बाळाकडं बघत नाहीत, सगळं दिसतं मला. मी काय आंधळी आहे? पण घरात एक माणूस गप्प बसलाय, एवढंच ना? बसू दे की."

 हेमांगी उठून भट्टीपाशी गेली.

जयकर आमटी करत होता. पूर्वी तो हातानं मीठ टाकायचा, चमचा ओठाला लावायचा, डोळे मिटायचा आणि एखादी शिवी हासडून म्हणायचा, "आता जमली!" आता त्याच्या शेजारी वजनकाटा होता. मीठ, गूळ, कांदा-लसूण मसाला, सगळं मोजून. चव बघायचं काम त्यानं म्हादबा नावाच्या जुन्या माणसाला दिलं होतं. आमटी चांगलीच झाली असणार. पण म्हादबानं मान हलवली तेव्हा जयकर त्याच्याकडं बघतही नव्हता. डाव्या हातानं कढईचा कान फडक्यात धरून तो उजव्या हातानं ढवळत होता, आणि त्याचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भट्टीच्या झळीत होता. हातावर घाम सुटला की लगेच वाळत होता.

हेमांगी तिथंच थबकली.

"जया, हात दे इकडं."

पर्समधली मोजपट्टी काढून तिनं जीवकील मोजला. सात मिलिमीटर. केंद्राच्या कार्डावर तीन लिहिलेलं तिला पक्कं आठवत होतं. उडदाएवढा होता, तो आता हरभऱ्याएवढा झाला होता. बघणाऱ्याला वाटेल, दुपटीहून थोडा जास्त. पण गोळा नुसता रुंद होत नाही. तो उंच होतो आणि खोलही जातो. तिनं मनातल्या मनात हिशेब केला. सात भागिले तीन, आणि त्याचा घन. बारापटीहून जास्त. म्हणजे दारूची ओढ शमवायला जेवढं औषध पुरेसं होतं, त्याच्या बारापट औषध हा माणूस दिवसरात्र अंगात वागवत होता. आधी दारू नकोशी झाली, मग जेवण, मग माणसं.

आणि कारण तिच्या समोरच धगधगत होतं. उष्णतेनं पेशींतली काही जनुकं जागी होतात, हे तिला माहीत होतं. 'थांब' सांगणारं जनुक वर्षानुवर्षं अशा झळीत राहिलं तर ढिलं पडत असेल. जीवकील बनवताना ज्यांच्यावर चाचण्या झाल्या ते बहुतेक कचेरीत बसणारे लोक होते. आचाऱ्याचा हात कुणी तपासला होता?

केंद्रातल्या डॉक्टर निहाल मुल्लांनी तिला नीट बसवून घेतलं. तरुण माणूस होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यानं जयकरची नोंद उघडली आणि खालीवर सरकवून पाहिली.

"मॅडम, गेल्या दोन वर्षांत माप घेतलेलं दिसत नाही. पहिलंच पुढं ओढलंय. रक्त चांगलं होतं, म्हणून कुणी..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "हा काढायला हवा. पण नवीन तयार व्हायला चार महिने लागतात. तोवर त्यांच्या अंगात काहीच नसेल. असं एकदम काढलेल्या लोकांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या महिन्यात परत पितात, आणि आधीपेक्षा जास्त पितात."

"थोडा कमी करता येणार नाही? वरचा भाग काढून?"

"आमच्याकडं तशी पद्धत नाही. लेझर मुळापर्यंत जातो. अर्धवट काढण्याची परवानगीच नाही."

"माझ्याकडं पद्धत आहे," हेमांगी म्हणाली.

त्यानं तिच्याकडं बघितलं. "मी हे ऐकलं नाही, मॅडम. तुमची नोंदणी जाईल."

परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मनात दोन्ही बाजू येऊन जाऊन दमल्या होत्या. एका बाजूला सुवर्णाची झोप होती, दुसऱ्या बाजूला जयकरची न लागणारी भूक. काढलं नाही तर निदान कुणी भाजणार नाही, असं ती स्वतःला सांगत होती. तासगाव यायच्या आत तिनं जवळपास ठरवलंही होतं, की चार महिन्यांनी नवीन तयार झाल्यावर केंद्रवालेच काय ते बघतील.

जयकर स्टँडवर न्यायला आला होता. रिक्षात बसल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं.

"जया, एक विचारू? खरं सांग. मरून जावंसं वाटतं का तुला?"

"नाही," तो सरळ म्हणाला. "तेवढंसुद्धा वाटत नाही, अक्का."

हेमांगीनं रिक्षावाल्याला दवाखान्याकडं वळायला सांगितलं नाही. ती जयकरला आपल्या घरी घेऊन गेली, कुकर लावला आणि समोर बसून त्याला घास मोजल्यासारखं जेवताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुवर्णाला बोलावून घेतलं.

"अर्ध्याहून जास्त जाळते. थोडा ठेवते, पूर्वीएवढा. दारूला आवर राहील आणि बाकीचं परत येईल, असं मला वाटतं. खात्री नाही. पुढं भट्टीपाशी उभं राहायचं नाही, ही अट."

सुवर्णा उभीच होती. "म्हणजे अर्धा माणूस शुद्धीत आणि अर्ध्यावर पहारा. पहारा कुणी करायचा?"

"मी आहे ना."

"तुम्ही दवाखान्यात असता. दाराचा आवाज मला ऐकू येतो, वन्सं, तुम्हाला नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही बहीण आहात, करा. बरोबरच करताय. पण मी तिथं नसणार. मी अन्विताकडं पुण्याला जाते. राग नाही माझा. मला फक्त झोपायचंय."

जयकर कोपऱ्यात बसून हे ऐकत होता. बायको चाललीय, हे कळूनही त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ते बघून सुवर्णा एकदम वळली आणि पायऱ्या उतरून गेली.

चामखीळ जाळायचा क्षार हेमांगी स्वतःच करायची. आघाडा वाळवून जाळायचा, राख पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी आटवायचं आणि चुन्याबरोबर घट्ट करायचं. पांढरट लेप होतो, लोणी वाटावं असा, पण कातडी खातो. संहितांचा नियम स्पष्ट होता. मूळ ठेवू नये, ठेवलं तर कोंब परत उठतो. बत्तीस वर्षं ती रोग्यांना हेच सांगत आली होती. आज तिला मूळच ठेवायचं होतं, आणि किती ठेवायचं हे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नव्हतं.

तिनं भोवतीच्या कातडीला तूप लावलं, काडीनं लेप ठेवला आणि मोजायला लागली. एरवी शंभर अंक मोजायचे. कोंबाचा रंग पिकल्या जांभळासारखा झाला की समजायचं, झालं. तिनं पस्तिसाला लिंबाचा रस ओतून क्षार मारला, मेलेला थर पुसला, मोजपट्टी लावली. पाच. परत लेप. वीस अंक. चार. तिसऱ्यांदा लेप ठेवण्याआधी ती थांबून पाणी प्यायली. जयकर हाताकडं बघत होता, दुसऱ्याच कुणाचा हात असल्यासारखा.

"आग होतेय का?"

"होतेय," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पण चालेल."

तीन मिलिमीटरवर तिनं पट्टी बांधली. त्याच दिवशी दुपारी तिनं केंद्राला आणि वैद्यक परिषदेला एकच पत्र पाठवलं. त्यात काहीही लपवलं नाही. मापं लिहिली, भट्टीचं लिहिलं, आणि जीवकील लावलेले आचारी, लोहार, वीटभट्टीवरचे आणि काच कारखान्यातले मजूर तातडीनं तपासावेत असं लिहिलं. खाली सही केली. पत्र गेल्यावर तिला भीती वाटायला हवी होती, पण ती खुर्चीतच झोपून गेली.

जयकर तिच्याकडंच राहिला. नऊ दिवस काही झालं नाही. दहाव्या दिवशी ती दवाखान्यातून आली तर स्वयंपाकघरात भांडी आपटत होती.

"ही भाजी आहे?" तो ओरडला. "यात मीठ कुठं आहे? आयुष्यभर असं खातेस तू?"

हेमांगी दारात उभी राहिली. त्यानं पुन्हा फोडणी टाकली, चमचा ओठाला लावला, आणि अचानक ओट्याला धरून खाली बसला. हुंदके देऊन रडला. सुवर्णाचं नाव घेत होता, कढईचं, पलूसच्या मांडवाचं. तीन वर्षं साठलेलं सगळं त्याच्यावर एकदम कोसळत होतं. हेमांगी त्याच्या शेजारी फरशीवर बसली. तिला समाधान वाटलं असेल असं कुणी म्हणेल, पण तिला नुसती भीती वाटली. ज्याला रडू येतं त्याला दारूही आठवू शकते.

विसाव्या दिवशी तो संध्याकाळी उशिरा आला आणि तिच्याकडं न बघता आंघोळीला गेला. तिनं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पावलांवरून ओळखणं तिला सुवर्णासारखं जमत नव्हतं.

परिषदेचं उत्तर महिन्याभरानं आलं. परवानगीशिवाय जीवकिलात हस्तक्षेप केल्याबद्दल तिची नोंदणी सहा महिने स्थगित झाली होती. सोबत केंद्राचं वेगळं परिपत्रक होतं. उष्णतेत काम करणाऱ्या सगळ्यांना मापासाठी बोलावलं जात होतं. डॉक्टर मुल्लांनी फोन करून सांगितलं, पहिल्या आठवड्यात सोळा जण सापडले. त्यातली एक बाई सहा महिने अंथरुणातून उठलेली नव्हती आणि घरच्यांना वाटत होतं ती आळशी झालीय.

दवाखान्याला कुलूप लावून हेमांगी घरी आली तेव्हा जयकर नव्हता. चपला नव्हत्या. कपड्यांची पिशवीही नव्हती. ती स्टँडवर गेली, दोन्ही दारूच्या दुकानांपाशी गेली, म्हादबाच्या घरी गेली. कुणी त्याला पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पुण्याहून सुवर्णाचा फोन आला.

"वन्सं, हे आलेत. खाली फाटकापाशी उभे आहेत. वर यायला तयार नाहीत. म्हणतात, आधी तू बघ आणि मग सांग." ती धापा टाकत होती, जिना उतरत असावी. "प्यालेत का?"

"मला माहीत नाही, सुवर्णा. मला ओळखता येत नाही."

फोन चालूच राहिला. फाटकाची कडी वाजली. मग लांबून जयकरचा आवाज, शब्द न कळणारा. मग बराच वेळ काही नाही. हेमांगी गॅलरीत फोन कानाला दाबून उभी होती.

"विचारलं मी," सुवर्णा म्हणाली. "म्हणाले, पंधरा दिवसांपूर्वी अर्धा ग्लास घेतला. संपवला नाही. तुम्हाला सांगायची लाज वाटली. आणि रडतायत रस्त्यात, वॉचमन बघतोय."

"आता काय करणार आहेस?"

"काय करणार? माझी झोप गेली म्हणायची." सुवर्णा थांबली. तिच्या आवाजात राग होता, दमणूक होती, आणि आणखी काहीतरी होतं. "रात्रभर प्रवासात काही खाल्लं नाही म्हणे. भूक लागलीय म्हणतात. आल्या आल्या भूक लागलीय म्हणतात, वन्सं! ठेवते मी. पोळ्या टाकायच्यात."